चौदा घरं आणि निळा ठिपका

आमच्या घरमालकांनी मला खोली दाखवली नाही, मोजायला लावली. मी साताऱ्याहून विट्याला बदलून आलो होतो. मुलीची बारावी असल्यामुळे कुटुंब साताऱ्यातच राहणार होतं आणि मला एकट्यापुरती जागा हवी होती. दारात उभे असलेले सत्तरीच्या घरातले गृहस्थ माझं म्हणणं ऐकून आत गेले, लोखंडी फीत घेऊन आले आणि तिचं टोक माझ्या हातात दिलं.

"धरा तितं कोपऱ्याला. मी सांगितल्याली खोली आनि तुमी घेतल्याली खोली येगळी नगं."

दहा फूट चार इंच गुणिले नऊ फूट अकरा इंच. मी तसंच डायरीत लिहिलं. त्यांनी मान वळवून माझी डायरी वाचली आणि किल्ली दिली. नऊ अकराच्या जागी मी दहा लिहिलं असतं तर खोली मिळाली नसती, हे त्यांनी मला दोन वर्षांनी सांगितलं.

ते भूमी अभिलेख खात्यातले निवृत्त मोजणीदार. चौतीस वर्षं त्यांनी तेहतीस फुटी साखळी ओढून लोकांच्या शेतांच्या हद्दी ठरवल्या. गावात त्यांना मोजणीदार म्हणत, मी आबा म्हणायचो. त्यांचं नाव इथं लिहीत नाही. त्यांच्या वस्तीचंही खरं नाव लिहिणार नाही. त्याचं कारण पुढं येईलच.

माझी नोकरी उपसा सिंचन योजनेवर. कालव्यातल्या पाण्याची उंची ठरलेल्या वेळी बघायची आणि लिहायची. त्यामुळे आमचं जमलं. संध्याकाळी ते पायरीवर बसत आणि विचारत, "आज किती?" मी आकडा सांगायचो. त्यांना त्या पाण्याचा काही उपयोग नव्हता. त्यांना आकडा लागायचा. त्यांचं स्वतःचं पाऊल सव्वादोन फुटांचं होतं आणि गावातलं प्रत्येक अंतर त्यांना पावलांत पाठ होतं. आजारी असले की पाऊल दोन फुटांवर येतं, मग हिशेब बदलतो, हेही त्यांनी मला समजावून दिलं होतं.

त्यांचा एक प्रश्न होता. "जाग्यावर काय हाय?" कागदावर काय आहे, साहेब काय म्हणतात, शेजारी काय म्हणतो, हे सगळं ऐकून झालं की हा प्रश्न यायचा. नोकरीत असताना ते तो शेतकऱ्यांना विचारत. निवृत्त झाल्यावर त्यांनी तो फोनला विचारायला सुरुवात केली.

फोन त्यांच्या लेकीनं दिलेला. ती शिरवळला कारखान्यात नोकरीला. तिनं त्यांना नातेवाइकांच्या ग्रुपमध्येही घातलं. शहाऐंशी माणसं, आणि रोज सकाळी सुविचार. एक दिवस त्यावर फोटो आला की पाटणकडच्या एका डोंगराला भेग पडलीय आणि तिच्यातून वाफ येतेय. शहाऐंशीपैकी चाळीसेक जणांनी हात जोडले. आबांनी पिशवीत एक धोतर आणि फीत टाकली, कऱ्हाडवरून पाटणची एसटी धरली आणि तिसऱ्या दिवशी परत आले. टाइप करणं त्यांना आवडायचं नाही, ते बोलूनच निरोप पाठवत. ग्रुपवर त्यांचा आवाज आला, "जाग्यावर जाऊन आलो. भेग न्हाई. वाफ बी न्हाई. फोटोत दिसतीया त्या वळनावर च्याची टपरी हाय. च्या बरा हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी तोच फोटो पुन्हा आला, दुसऱ्या पाहुण्याकडून.

एखादा चिडला असता. आबांना उलट उत्सुकता वाटली. ही बातमी निघाली कुठून? त्यांनी पाठवणाऱ्याला फोन केला, "पावनं, तुमाला कुनी धाडलं?" त्यानं सांगितलं त्याला फोन केला. असे ते एकाकडून दुसऱ्याकडे आठ दिवस मागं मागं जात राहिले. सातव्या माणसानं सांगितलं, मला तुमच्याच ग्रुपवर मिळाली. मोजणी जिथून सुरू केली तिथंच फिरून येऊन मिळाली की ती बरोबर धरायची, असा त्यांचा साखळीवरचा नियम. ते माझ्या दारात येऊन म्हणाले, "सायेब, मोजनी बराबर जुळली बगा. फकस्त आत शेत न्हाई."

फोनमधल्या नकाशाशी त्यांची ओळख मी करून दिली, ही माझी चूक म्हणा किंवा पुण्य म्हणा. आपण उभे असतो तिथं निळा ठिपका दिसतो, हे मी त्यांना दाखवलं. ते फोन हातात धरून दहा-बारा पावलं चालले, ठिपकाही चालला. मग म्हणाले, "ह्याला कसं कळतं?" मी आकाशातल्या उपग्रहांचं जमेल तसं सांगितलं. दुसऱ्या दिवशी ते मला गावाबाहेर त्यांना पक्क्या ठाऊक असलेल्या एका हद्दीच्या दगडावर घेऊन गेले. आठ दिवस रोज तिथं जाऊन ठिपका दगडापासून किती सरकतो ते बघितलं. आकडे मी लिहिले. जास्तीत जास्त चूक अकरा फूट. गल्लीत, दोन्हीकडं घरं असली की सव्वीस फूट.

"अकरा फूट चुकलो असतो तर माजी नोकरी गेली असती," ते म्हणाले. थोडं पुढं गेल्यावर थांबले. "पर साखळी न टाकता अकरा फुटांत आनलं. लय मोठं काम हाय."

नकाशातल्या बाईशी ते बोलायचे. तिला ताई म्हणायचे. ती डावीकडे-उजवीकडे सांगते, हे मात्र त्यांना पटत नसे. आमच्या भागात रस्ता सांगताना उगवतीला वळा, मावळतीला वळा असं सांगतात. "आवं ताई, मी त्वांड फिरवलं की डावं उजवं हुतंय. उगवत फिरती व्हय?" ताई उत्तर द्यायची नाही. ते काही वेळ वाट बघायचे.

नकाशातल्या चुका आपल्याला दुरुस्त करता येतात हे कळलं, तेव्हापासून त्यांना दुसरं काही सुचेना. चुकीच्या जागी दाखवलेलं देऊळ, बुजलेली विहीर, कुणाच्या तरी गोठ्याला लागलेलं शाळेचं नाव. ते तिथं जात, बघत, फोटो काढत, दुरुस्ती पाठवत. "तुमची दुरुस्ती प्रसिद्ध झाली" असा निरोप आला की मला वाचून दाखवत. दुरुस्त्यांबद्दल वरची पातळी मिळायची. पाचवी मिळाली त्या दिवशी त्यांनी पेढे आणले. एवढा मोठा माणूस फुकट कुणासाठी राबतोय, असं मी एकदा बोललो. ते म्हणाले, "पगारात केल्याली मोजनी कपाटात गेली सायेब. ही लोकांच्या खिशात हाय."

पण या सगळ्यामागं एक कारण होतं, ते मला बऱ्याच उशिरा कळलं.

आबांची मूळ वस्ती आटपाडीच्या बाजूला माळावर आहे. पूर्वी मेंढरं घेऊन फिरणारी माणसं, आता डाळिंबाच्या बागा करतात. चौदा घरं. आबांचे थोरले भाऊ वारले होते, वहिनी तिथंच राहत होत्या. दोन वर्षांपूर्वी वहिनींच्या नातसुनेला दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या. रुग्णवाहिकेला फोन केला. ड्रायव्हर बाहेरच्या जिल्ह्यातला होता, त्यानं रस्ता विचारला. वहिनींनी आपल्या रीतीनं सांगितलं, "डांबरी सोडली की लिंबापसनं उगवतीला वळा." भरदुपारची वेळ, पण आभाळ गच्च भरलेलं. उगवत कुठली ते त्याला कळेना. त्यानं फोनच्या नकाशात वस्तीचं नाव घातलं. त्याच नावाची दुसरी वस्ती टेकडीपलीकडं आहे, अकरा किलोमीटरवर. नकाशात तेवढी एकच होती. गाडी तिकडं गेली. शेवटी पोरीला पिकअपमधून नेलं. मूल हाती लागलं नाही. गाडी वेळेवर आली असती तरी सांगता आलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले. आबा एवढंच म्हणाले, "सव्वा तास गेला."

आणि आता ती पुन्हा गरोदर होती. दिवस भरायला तीन महिने होते. आबांना तीन महिन्यांत चौदा घरं नकाशावर आणायची होती.

मला वाटलं, यात काय आहे? ठिपका टोचायचा, नाव लिहायचं. पण नावच नव्हतं. म्हणजे दोन होती. वस्ती दोन भावांच्या वंशजांची. थोरल्या पातीची आठ घरं, ते तिला बिरूची वस्ती म्हणतात. धाकट्या पातीची सहा घरं, ते सिदूची वस्ती म्हणतात. (दोन्ही नावं मी बदलली आहेत; खरी लिहिली तर पहिलं कुणाचं लिहिलं यावरून पुन्हा भांडण होईल, आणि आबांच्या नावावरून वस्ती लगेच ओळखू येईल.) फाट्यावरची पाटी आतापर्यंत तीनदा रंगवून झालीय. आबा थोरल्या पातीचे. त्यांनी जुन्या मोजणीच्या कागदावर होतं ते नाव घातलं, बिरूची वस्ती. सहा दिवसांनी ते नकाशावर दिसलं. नवव्या दिवशी गेलं. धाकट्या पातीच्या पोरांनी "हे ठिकाण अस्तित्वात नाही" असं कळवलं होतं, एकानं नाही, नऊ जणांनी. मग सिदूची वस्ती आली. ती थोरल्या पातीनं घालवली. पाटीला रंग तरी लागायचा, इथं अंगठा पुरत होता. शेवटी नकाशावाल्यांनी दोन्ही नावं नाकारली. महिना गेला.

आबा मला म्हणाले, "सायेब, रविवारी मोटरसायकल काडा."

वस्तीवर देवळापुढच्या कट्ट्यावर माणसं जमली. आबा मधे बसले. धाकट्या पातीतले वयानं मोठे एक तात्या होते, आबांच्याच वयाचे, बरोबर मेंढरं राखलेले.

"या मोजनीदार," तात्या म्हणाले, "साऱ्या जिल्ह्याच्या हद्दी काडल्या, आन घरची काडताना फीत आकडली व्हय?"

"कागदावर बिरू हाय, तात्या."

"कागद कुनी लिव्हला? तुज्याच खात्यानं."

"मी न्हवतो तवा."

"तुजा बा हुता की साखळी धरायला."

सगळे हसले. आबाही हसले, पण नाव सोडायला तयार नव्हते. दोन्ही नावं लिहा, कुणी तरी सुचवलं. मग पहिलं कुणाचं? दोन ठिपके टाका. मग गाडीवाला दोन्हीकडं जाईल आणि दोघांच्या मधे उभा राहील. तासभर असं चाललं. मी घड्याळ बघितलं, एक तास दहा मिनिटं.

नातसून ओसरीला टेकून उभी होती. सातवा संपत आलेला. तिनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि म्हणाली, "आवं आबा, मी बोलू का?"

"बोल की."

"मी म्हायेरला सांगताना हापशाजवळ ऱ्हाते म्हनती. आमी समद्या तसंच म्हनतो. तुमच्या बिरूला न तात्यांच्या सिदूला आमी बगितलंय का?"

हापसा म्हणजे हातपंप. दोन पात्यांच्या घरांमधोमध होता. मी मान वळवून बघितलं. दांडा गेलेला, नुसता लोखंडी खांब उरलेला.

तात्या म्हणाले, "आगं, वाळून गेलाय त्यो. पाच वर्सं थेंब न्हाई त्यात."

"पानी कुटं मागतीया मी?" ती म्हणाली. "गाडी मागतीया."

वहिनी आतून म्हणाल्या, "पोरगी काय वंगाळ बोलली?"

आबांना पटत नव्हतं. मला दिसत होतं ते. आयुष्यभर कागदाला जमीन आणि जमिनीला कागद जुळवलेला माणूस. "हापसा हे गावाचं नाव न्हवं," ते म्हणाले. "उद्या कोन इचारील, कुटल्या कागदावर हाय? मी काय सांगू? खोटं कसं लिव्हू?"

तात्यांनी काठीनं खांबाकडं दाखवलं. "मोजनीदार, कागद ऱ्हाऊ दे. जाग्यावर काय हाय?"

आबा त्या खांबाकडं बघत राहिले. मग त्यांनी फोन काढला, चालत खांबापाशी गेले, त्याला टेकून उभे राहिले आणि निळा ठिपका स्थिर व्हायची वाट बघितली. मला त्यांनी अंतरं घ्यायला लावली. थोरल्या पातीचं पहिलं घर अठ्ठेचाळीस फूट. धाकट्या पातीचं एक्कावन्न. "तीन फूट तुमाला लांब पडतंय तात्या," आबा म्हणाले. "मोजनीत धरत न्हाईत तेवढं," तात्या म्हणाले. नाव लिहिलं, हापसा. त्या दिवशी वस्तीवर जेवढे फोन होते त्या सगळ्यांवर "हे ठिकाण इथे आहे का?" या प्रश्नाला हो म्हणून झालं. टेकाडावरच रेंज येत असल्यामुळे दोन्ही पात्यांची माणसं फोन घेऊन एकामागून एक टेकाड चढली. चौथ्या दिवशी हापसा नकाशावर आला आणि टिकला.

पुढचं सांगण्याआधी एक सांगून टाकतो, उगाच जीव टांगणीला लावायला मला आवडत नाही. मुलगी झाली. दोन किलो सातशे ग्रॅम. आई आणि मुलगी दोघी धड आहेत. मला सांगायचंय ते त्या सकाळचं.

दिवस जवळ आले तसे आबा वस्तीवरच राहायला गेले होते. मी सुट्टीच्या दिवशी त्यांची टपालं द्यायला गेलो. साडेनऊच्या सुमारास कळा सुरू झाल्या. नातसुनेचा नवरा टेकाडावर पळाला, फोन लावला आणि फक्त एक शब्द सांगून आला, हापसा. आबांनी धोतर खोचलं. "चला फाट्यावर."

वस्ती ते फाटा, दोन किलोमीटर चारशे मीटर, कच्चा रस्ता. डांबरीच्या कडेला मी मोटरसायकल लावली. आबा लिंबाखाली उभे राहिले आणि मला म्हणाले, "हात वर करायचा न्हाई. तिचं तिला यिऊ दे."

"आबा, हे बरोबर नाही," मी म्हणालो. मला खरंच बरं वाटत नव्हतं. "तिकडं बाई अडलीय आणि तुम्ही नकाशा तपासताय?"

"चुकली तर तुमची मोटरसायकल हाय न्हवं? मागं लागायचं." मग जरा वेळानं, "आज आपुन हाय सायेब. दर टायमाला कोन उबं ऱ्हानार हितं?"

आम्ही थांबलो. बावीस मिनिटं. त्या बावीस मिनिटांत आबांनी एकदाही किती वाजले ते विचारलं नाही.

गाडी दिसली. फाट्यावर येऊन तिचा वेग कमी झाला, आणि ती आमच्यासमोर थांबली. ड्रायव्हर तरुण होता. फोन त्याच्या समोरच लावलेला. "डावीकडे वळा," असं त्यातली बाई म्हणाली, ते मलाही स्पष्ट ऐकू आलं. त्यानं काच खाली केली.

"आबा, हापसा कुनीकडं?"

आबांचे हात पाठीमागं होते. "ती काय म्हनतीया?"

"डावीकडं म्हनती."

"मग?"

"मग म्हंजे, खरं हाय का?"

"तिचं ऐका. जावा."

"नक्की हाय ना तिकडं? मागल्या आटवड्यात एका ठिकानी बंधाऱ्यात घातली हुती हिनं."

"जा म्हनलं न्हवं लेकरा," आबा म्हणाले. मी मागं उभा होतो, मला त्यांचे हात दिसत होते. डाव्या हातानं उजव्याचं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं.

गाडी वळली आणि धुळीत गेली.

"किती थांबला?" त्यांनी विचारलं.

"एक्केचाळीस सेकंद."

ते खाली बसले. तोंडावरून पंचा फिरवला. मला वाटलं आता त्यांना बरं वाटलं असेल. नकाशा बरोबर निघाला होता, ताई चुकली नव्हती. पण ते मान हलवत होते.

"तिनं बराबर सांगितलं. त्यानं बराबर ऐकलं. मग थांबला कशापायी?" मी काही बोलायच्या आत तेच म्हणाले, "मी उबा हुतो म्हनून. मानूस दिसला की इचारनारच त्यो. नकाशा कितीबी खरा आसू द्या."

मग उठले. "मोटरसायकल आडोशाला घ्या सायेब. माघारी येताना परत थांबंल."

रस्त्यापासून वीस-पंचवीस पावलांवर बाभळीचं झुडूप होतं. मोटरसायकल ढकलत त्याच्यामागं नेली. आबा रस्त्याकडं पाठ करून बसले आणि मलाही तसंच बसवलं. आयुष्यभर लोकांना इकडं हद्द, तिकडं हद्द असं हात करून दाखवलेला माणूस, आणि आता आपण कुणाला दिसू नये म्हणून खांदे आवळून बसला होता. मी घड्याळ हातात धरलं. सतरा मिनिटं झाली तेव्हा कच्च्या रस्त्यावरून आवाज यायला लागला. आवाज जवळ आला, फाट्यावर गिअर बदलल्याचं कळलं, आणि मग सायरन आटपाडीच्या दिशेनं लांब जात राहिला.

"गेली?"

"गेली."

"थांबली?"

"नाही."

सायरन ऐकू येईनासा झाला तरी ते बसूनच होते. मग उठले, धोतर झटकलं आणि फाट्यावर जाऊन वाकून बघू लागले. कच्च्या रस्त्यावरून डांबरीवर येणारी चाकांची ताजी खूण धुळीत उमटली होती. एकच सलग वळण, कुठंही अडखळलेलं नाही. मी सवयीनं डायरी काढली. आबा त्या खुणेच्या कडेकडेनं, तिच्यावर पाय पडू न देता, डांबरीपर्यंत चालत गेले. मी पावलं मोजली. त्यांनी मोजली नाहीत.